शौचातलं न दिसणारं रक्त

हट्टा आणि आसपासच्या गावांतल्या गटांसाठी आज आम्ही जो विषय घेतलाय, तो ऐकायला जरा लाजेचा वाटेल. पाळी, बाळंतपण, अंगावरून पांढरं जाणं याविषयी आता आपण गटात बोलायला लागलो. पण परसाकडच्या तक्रारीविषयी अजूनही कुणी तोंड उघडत नाही. नवऱ्याला सांगत नाही, लेकीला सांगत नाही, आशाताईंनाही सांगत नाही. हळद काढणीचे दिवस असले तर मग विचारायलाच नको. "मूळव्याध असेल, बसेल आपोआप," असं म्हणून बाई दुखणं अंगावर काढते.

बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हेही खरं. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही शौचातून रक्तच जातं. नुसत्या रक्ताकडं बघून कोणतं मूळव्याधीचं आणि कोणतं कर्करोगाचं, हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हा विषय.

आतड्यात काय होतं?

मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला काही जणांना बारीक कोंब येतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बरेच कोंब निरुपद्रवी असतात. काही मात्र हळूहळू वाढतात आणि त्यातल्या थोड्यांचा कर्करोग होतो. याला बहुतेक वेळा कितीतरी वर्षं लागतात, दहा वर्षंसुद्धा. म्हणजे हा आजार आपल्याला वेळ देतो. या काळात तो दुखत नाही, खुपत नाही. पण कोंबावरून शौच घासून जाताना थेंबभर रक्त झिरपतं. ते शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. कोंब असतानाच तो काढून टाकला, तर त्याचा पुढं कर्करोग होत नाही. कर्करोग झाला, पण जागच्या जागी असताना सापडला, तर दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही जगतात, असं अमेरिकेतले आकडे सांगतात. पसरल्यावर सापडला तर गोष्ट फार अवघड होते.

तपासणी कशी असते?

न दिसणारं हे रक्त शोधायचं, एवढंच या तपासणीचं काम. लॅबवाले तिला 'स्टूल ऑकल्ट ब्लड' म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात एका झाडाच्या डिंकासारख्या रसानं भिजवलेल्या कागदावर शौच लावतात, वरून औषधाचा थेंब टाकतात, आणि रक्त असेल तर कागद निळा होतो. ही तपासणी स्वस्त, पण खाण्यापिण्यानं फसणारी. मटण किंवा कच्चा मुळा खाल्ला तर रक्त नसताना निळी होऊ शकते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त असूनही ती लपवते. पोटातला अल्सर किंवा जंत यांच्यामुळं गेलेलं रक्तही तिच्यात दिसू शकतं.

नव्या प्रकाराला एफआयटी म्हणतात. काही जण 'फिट' म्हणतात, पण आकडीशी तिचा काही संबंध नाही. ती फक्त माणसाच्या रक्तातला एक घटक ओळखते. त्यामुळं मटण, मुळा काही वर्ज्य करावं लागत नाही.

नमुना आपणच घरी घ्यायचा. कोरड्या कागदावर किंवा पिशवीवर शौच करायचं, त्यात पाणी आणि लघवी मिसळू द्यायची नाही. बाटलीच्या झाकणाला काडी असते. ती शौचात दोन-तीन ठिकाणी टोचायची आणि परत बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं. नाव आणि तारीख लिहायची. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नये. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. उन्हानं नमुन्यातलं रक्त नासतं आणि मग रक्त असूनही तपासणी 'नाही' म्हणते. एप्रिल-मे महिन्यात बाटली पत्र्याखाली दिवसभर ठेवून चालणार नाही. सकाळी घेतलेला नमुना त्याच दिवशी लॅबला पोचला पाहिजे.

अहवालाचा अर्थ

'पॉझिटिव्ह' म्हणजे कर्करोग नव्हे. रक्त कुठून तरी येतंय, एवढंच तो सांगतो. पुढं कोलोनोस्कोपी, म्हणजे मागच्या बाजूनं दुर्बीण घालून आतड्याची तपासणी करावी लागते. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट साफ करतात. कोंब सापडला तर बहुतेकदा त्याच वेळी काढतात. पॉझिटिव्ह आल्यावर "परत एकदा करून बघू" म्हणून तीच तपासणी करत बसू नये. रक्त रोज झिरपत नाही, दुसऱ्यांदा ते दिसणारही नाही, आणि आपण फसून घरी बसू. 'निगेटिव्ह' म्हणजेही जन्माची सुटका नाही. म्हणून ज्या देशांत ही तपासणी होते तिथं ती दर वर्षी किंवा वर्षाआड करतात, आणि बऱ्याच ठिकाणी पन्नाशीपासून सुरू करतात.

याचा फायदा किती? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेहेचाळीस हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला. १९९३ साली त्याचा निष्कर्ष आला. जुन्याच प्रकारची तपासणी दर वर्षी करणाऱ्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं कमी झाले.

मग आपल्याकडं सगळ्यांची का होत नाही?

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांसाठी तीन कर्करोगांची तपासणी आहे: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. आतड्याचा त्यात नाही. एक कारण म्हणजे आपल्या देशात हा आजार तुलनेनं कमी आहे. वर्षाला लाखात साधारण पाच जणांना तो होतो. दुसरं कारण दुर्बिणीचं आहे. तपासणीची बाटली गावात पोचवता येते, पण दुर्बीण आणि ती चालवणारा डॉक्टर मोठ्या शहरात असतो.

थायलंडमधल्या लाम्पांग प्रांतात २०११ साली हा प्रयोग सुरू झाला. ५० ते ६५ वयाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना गावातल्या आरोग्यसेवकांनी समजावलं. शंभरातल्या त्रेसष्ट जणांनी तपासणी केली, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायांचं प्रमाण जास्त होतं. शंभरात साधारण एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला. पण पहिला अहवाल लिहिला गेला तोवर त्यांतल्या दर चारांपैकी एकाची दुर्बिणीची तपासणी झालेली नव्हती. खरी अडचण बाटलीनंतरच सुरू होते, ती ही.

आपल्या मराठवाड्यानंही हे वेगळ्या कर्करोगात पाहिलंय. १९९९ पासून धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सुमारे पाचशे गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. त्यात १,३१,७४६ बाया होत्या. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदा झाली, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. पण नुसत्या तपासणीनं ते झालं नाही. दोष सापडलेल्या बायांना पुढची तपासणी आणि उपचार मिळाले म्हणून झालं. खेड्यातल्या बाया तपासणीला येत नाहीत, हे म्हणणं त्यांनी खोटं ठरवलं. पुढची वाट कुणीतरी तयार ठेवावी लागते.

आपण काय करायचं?

पहिलं, ज्यांना रक्त डोळ्यांना दिसतंय त्यांनी बाटलीची वाट बघू नये. शौचातून रक्त किंवा काळं डांबरासारखं शौच, तीन-चार आठवडे बदललेली सवय, पोट साफ न झाल्यासारखं सतत वाटणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असलं तर डॉक्टरांकडं जावं. मागच्या जागेतून बोटानं तपासायला सांगावं. मिनिटभराचं काम आहे, यंत्र लागत नाही, आणि गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. लाज वाटत असेल तर सोबत मैत्रीण न्यावी, बाईडॉक्टर आहेत का विचारावं. वय कमी आहे म्हणून सोडून देऊ नये, आपल्या देशात चाळिशीच्या आतले रुग्णही सापडतात.

दुसरं, पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी भरलं, तर लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये. पाळी नाही, मग रक्त जातंय कुठं, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचाच. अंगदुखीच्या गोळ्या रोज खात असाल तर तेही सांगा, त्यांनीही पोटात रक्तस्राव होतो.

तिसरं, आईवडील किंवा सख्ख्या भावाबहिणीला हा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा.

चौथं काम गटाचं. पुढच्या बैठकीत एकीनं वसमतच्या सरकारी दवाखान्यात आणि एकीनं नांदेड किंवा परभणीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. शौचाची तपासणी कोणत्या प्रकारची होते? दुर्बिणीचा वार कोणता? खर्च किती? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, पण दुर्बिणीची तपासणी त्यात कशी बसते हे आरोग्यमित्राला आधीच विचारावं. ही माहिती गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. गाडीभाड्यापुरती रक्कम गटातून उचलता येईल का, तेही ठरवा.

कारण बाई दवाखान्यात जात नाही ती नुसत्या लाजेनं नाही. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणी नसतं, आणि कुठं जायचं ते ठाऊक नसतं. यातल्या दोन गोष्टी तरी गटाच्या हातातल्या आहेत.

पुढच्या बैठकीत हा विषय काढा.