अमेरिकेच्या यादवीतला शिपाई कसा मेला

छावणीतला शत्रू

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेची उत्तरेकडची राज्ये आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्ये एकमेकांशी लढली. मृत सैनिकांचा रूढ आकडा सुमारे ६ लाख २० हजार; अलीकडच्या अभ्यासात तो साडेसात लाखांपर्यंत गेला आहे. यातले सुमारे दोन तृतीयांश सैनिक लढाईत नव्हे, रोगाने गेले.

शेतावर वाढलेली पोरे छावणीच्या गर्दीत आली की आधी गोवर पसरायचा. मग हगवण, विषमज्वर, हिवताप. शौचाचे चर पिण्याच्या पाण्यालगत खणलेले असत आणि रोग जंतूंमुळे होतात हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. उत्तरेच्या शिपायाचे खाणे म्हणजे दगडासारखे बिस्किट, खारवलेले डुकराचे मांस आणि कॉफी. बिस्किट कॉफीत बुडवले की त्यातल्या अळ्या वर तरंगत. त्या काढायच्या आणि खायचे. उत्तरेने केलेल्या समुद्री नाकेबंदीमुळे दक्षिणेच्या शिपायाला तर खरी कॉफीही दुर्मीळ झाली.

जखमी झाल्यावर

मऊ शिशाची ‘मिनी’ गोळी हाडाला लागली की हाडाचा चुरा होई, म्हणून हातपाय कापावे लागत. ही कापाकापी शुद्धीवर असतानाच होई, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्लोरोफॉर्म किंवा ईथर दिले जाई. घात व्हायचा तो न धुतलेल्या हातांनी आणि एकामागून एक रुग्णांवर चालणाऱ्या त्याच करवतीने.

कृष्णवर्णीय सैनिक

उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. यांना १०, त्यातले ३ कपड्यांपोटी कापलेले. हा अन्याय १८६४ मध्ये कायद्याने दूर होऊ लागला. पकडले गेल्यावर युद्धकैदी म्हणून वागवले जाण्याचीही त्यांना खात्री नव्हती. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो येथे शरण येणाऱ्यांचीही कत्तल झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केला, त्यांच्या लढ्याची ही किंमत होती, हे आपण विसरू नये.

नाव हरवण्याची भीती

सैन्याकडून ओळखीचा बिल्ला मिळत नसे. जून १८६४ मध्ये कोल्ड हार्बरच्या हल्ल्याआधी शिपाई नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या कोटाच्या पाठीला लावत होते, असे होरेस पोर्टर या अधिकाऱ्याने पुढे लिहिले. भीती खोटी नव्हती: युद्धानंतर उत्तरेच्या तीन लाखांवर सैनिकांचे अवशेष राष्ट्रीय दफनभूमींत हलवले, तेव्हा जवळपास निम्म्यांची ओळख पटली नाही.

जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या दक्षिणेच्या बंदिछावणीत मात्र चित्र वेगळे दिसते, आणि ते एका कैद्यामुळे. तिथे उत्तरेचे सुमारे ४५ हजार कैदी आले. त्यांतले १३ हजारांच्या आसपास भूक, हगवण आणि स्कर्व्हीने मेले. डोरेन्स अ‍ॅटवॉटर या तरुण कैद्याला मृतांची नोंद ठेवायचे काम होते. त्याने गुपचूप दुसरी प्रत केली आणि सुटकेनंतर ती बाहेर आणली. १८६५ मध्ये, युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टनसोबत जाऊन त्याने थडग्यांवर नावे लावायला मदत केली. सुमारे ४६० थडगीच निनावी उरली. याच यादीच्या मालकीच्या वादातून सरकारने त्याला तुरुंगात टाकले. तरीही १८६६ मध्ये ती छापली गेली आणि हजारो घरांना आपला माणूस कुठे पुरला आहे ते कळले.