धामापूरच्या गरवणाऱ्याने रीळ कोणतं घ्यावं?

धामापुरात राहणाऱ्याला गरवायला तीन पाणी आहेत. एक गावातलं गोडं तळं. ते १५३० साली नागेश देसाई यांनी बांधलं आणि २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत गेलं. दुसरं नेरूरपारच्या पुलाखालचं कर्लीच्या खाडीचं पाणी, जिथे भरती-सुकती कळते. तिसरं देवबागच्या संगमापलीकडचा समुद्र. दुकानात गेलं की पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असा येतो. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: गरी कुठल्या पाण्यात पडणार आणि तिला बांधलेलं वजन किती.

रीळ लागतंच का?

होडीतून शिसं सरळ तळाशी सोडायचं असेल तर नाही. लाकडी फळीवर गुंडाळलेली तंगूस आणि सुंगटाचं आमिष एवढ्यावर काम होतं, शिवाय मासा टोचतो ते बोटाला थेट कळतं. रिळाची गरज दोन वेळा पडते. आमिष लांब फेकायचं असतं तेव्हा आणि मोठा मासा दोरी घेऊन पळतो तेव्हा. पळणाऱ्या माशाची तंगूस हाताने धरली तर बोटं कापतात.

स्पिनिंग रीळ

हे दांडीच्या खाली लटकतं आणि त्याला तारेची कमान असते. फेकताना रीळ स्थिर राहतं आणि दोरी त्याच्या कडेवरून सुटत जाते. ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या इलिंगवर्थने १९०५ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटतं, तीच युक्ती त्याने वापरली.

रीळ फिरतच नसल्यामुळे पाच-सात ग्रॅमचं हलकं आमिषही सहज जातं. समोरून वारा आला तरी गुंता क्वचितच होतो, आणि मूठ डावीकडे किंवा उजवीकडे कुठेही लावता येते. खोट एकच: दोरीला पीळ पडतो. फेकल्यावर कमान हाताने बंद करायची सवय लावली की तो बराच कमी होतो.

यातले १०००, २५००, ४००० हे आकडे आकार सांगतात, पण एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ४००० एवढं असेलच असं नाही. साधारण अंदाज असा: तळ्यासाठी २०००-२५००, खाडीसाठी ३०००-४०००, तारकर्ली-देवबागच्या पुळणीवरून लांब फेकायला ५००० किंवा त्याहून मोठं. एकच घेणार असाल तर माझं मत ४०००ला. तळ्यात ते जरा जड वाटेल, पण खाडीत तांबोशी तिवरांच्या मुळांकडे धावली की ते जडपण कामाला येतं.

बेटकास्टर

हे दांडीच्या वर बसतं आणि यात फेकताना रीळ स्वतः फिरतं. आमिष पाण्यावर आपटून थांबलं तरी रीळ फिरतच राहिलं, तर सुटलेल्या दोरीचं घरटं होतं. ते सोडवण्यात अख्खी भरती निघून जाऊ शकते. चुंबकाचे ब्रेक मदत करतात, पण खरा ब्रेक अंगठाच. तो तयार व्हायला वेळ लागतो. दहा ग्रॅमपेक्षा हलकं आमिष यावर जड जातं, आणि मूठ कुठल्या बाजूला हवी ते घेतानाच ठरवावं लागतं.

मग हे घ्यायचं कशाला? नेमक्या जागी आमिष टाकायला. तिवरांच्या मुळांतल्या हातभर फटीत आमिष उतरवायचं तर अंगठ्याने दोरी अडवून ते थांबवता येतं, आणि जाड दोरीवर ओढही सरळ बसते. दुसरं रीळ म्हणून उत्तम, पहिलं म्हणून नको.

बटणाचं आणि बोटीवरचं

झाकलेलं, बटण दाबून फेकायचं रीळ अमेरिकेत १९४९ पासून झेबको कंपनीने लोकप्रिय केलं. तळ्याकाठी मुलांच्या हातात द्यायला ठीक आहे. झाकणाखाली खारं पाणी अडकून गंज धरतो, म्हणून खाडीत नको. सुरमईसाठी बोटीमागे दोरी सोडणाऱ्यांचं मोठं मल्टिप्लायर शेकडो मीटर दोरी धरतं. काठावरून गरवणाऱ्याला ते फुकटचं ओझं.

ड्रॅग आणि दोरी

पेटीवर बेअरिंगची संख्या ठळक छापलेली असते. तिच्यापेक्षा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रिळातला ब्रेक, गुळगुळीत सुटतो का ते बघा. दुकानातच दोरी हळूहळू ओढून पाहावी, झटके बसले तर रीळ परत ठेवावं. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. म्हणजे दहा किलोच्या दोरीला अडीच-तीन किलो, स्प्रिंगच्या काट्याला बांधून मोजून.

विणलेली दोरी बारीक असते आणि लांब जाते, पण खडपावरच्या कालवांवर घासली की क्षणात तुटते. म्हणून पुढे हात-दोन हात जाड तंगूस जोडावी. विणलेली दोरी गुळगुळीत रिळावर घसरते, तेव्हा आधी तंगुसाचे थोडे वेढे द्यावेत.

खारं पाणी

खाडीवरून आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यायचा. जोराची धार मारली तर मीठ आत जातं. पुसून झालं की ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात. वाळू गेली असेल तर मूठ फिरवून बघू नका, आधी धुवा.

कुठे गरवू नये

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभा क्षेत्रात येतं, तिथे गरी टाकू नये. धामापूरच्या तळ्यावर गरवायचं तर आधी ग्रामपंचायतीत विचारावं. तुटलेली तंगूस काठावर टाकू नये, पाणपक्ष्यांच्या पायात ती अडकते.