गाडी खाली बसवण्याआधी
लेखमाला : गाडीच्या पोटात – भाग ७

गेल्या आठवड्यात टायरची जाडी आणि हवेचा दाब यांचा हिशेब मांडला होता. आता टायरच्या वर सरकू. छोटी गाडी घेतल्यावर हौशी मालकाची नजर थोड्याच दिवसांत चाक आणि मडगार्डची कमान यांच्यातल्या फटीवर जाते. ती फट त्याला खुपू लागते. फट बुजवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग. गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली बसते, दिसायला झोकदार होते आणि वळणावर रस्त्याला चिकटून राहते, असे विकणारा सांगतो. यातला दिसण्याचा भाग ज्याच्या त्याच्या आवडीचा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चिकटून राहण्याचा दावा मात्र तपासता येतो. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या वापरात छोट्या गाडीच्या सस्पेन्शनमधली सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे चाकाला वर सरकायला मिळणारी जागा. लोअरिंग स्प्रिंग नेमकी तीच जागा खर्च करते आणि बदल्यात जे देते ते त्याहून स्वस्तात, दुसऱ्या मार्गाने मिळू शकते, असे माझे म्हणणे आहे. उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेऊ. वजन नऊशे किलोच्या आतबाहेर, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. बहुतेक हॅचबॅकची रचना अशीच असल्याने इथला हिशेब बलेनो, आय-ट्वेंटी किंवा टियागोलाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

गाडी सपाट जमिनीवर उभी असते तेव्हा स्प्रिंग आधीच दबलेली असते. तिथून पुढे बम्प स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरच्या रबरी किंवा फोमच्या ठोकळ्यावर आदळेपर्यंत चाक जितके वर जाऊ शकते ती त्याची जागा. छोट्या गाडीत ती ८० मिमी आहे असे धरू. खड्ड्यातून बाहेर येताना चाकाला वर ढकलणारी ऊर्जा याच अंतरात जिरवायची असते. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा तिच्या कडकपणाच्या पटीत आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे शाळेत शिकलेले सूत्र इथे सगळा निकाल लावते. गाडी ३५ मिमी खाली आणली की ८० चे ४५ उरतात. तेवढ्या जागेत तोच धक्का पेलायचा तर स्प्रिंग ८० भागिले ४५ च्या वर्गाइतकी, म्हणजे तिपटीहून जास्त कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग साधारणपणे वीस-तीस टक्क्यांनीच कडक असतात. उरलेला भार कोण उचलतो? बम्प स्टॉप, आणि त्यामागून स्ट्रट माउंट, बॉडीचे जोड आणि आत बसलेल्यांचे मणके. बरे, स्प्रिंग खरोखरच तिप्पट कडक बसवली, तर गाडीची वर-खाली होण्याची वारंवारिता सेकंदाला सव्वा-दीड झोक्यांवरून सव्वादोनच्या पुढे जाते. तशी गाडी रेसट्रॅकवर चालेल, रोज ऑफिसला जायला नाही. म्हणूनच कोणताही शहाणा निर्माता तिप्पट कडक स्प्रिंग विकत नाही. तो अर्धवट कडक स्प्रिंग विकतो आणि बाकीचे काम गुपचूप बम्प स्टॉपवर सोपवतो.

यावर जाणकार म्हणतील की आजचा बम्प स्टॉप म्हणजे निव्वळ रबराचा गोळा नव्हे. पॉलियुरेथेन फोमचा, हळूहळू कडक होत जाणारा तो म्हणजे दुसरी स्प्रिंगच असते आणि अनेक नव्या गाड्या वळणावर त्याचा मुद्दाम वापर करतात. हे खरे आहे. पण त्या गाड्यांत ठोकळ्याची लांबी, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसून ठरवलेले असतात. मूळ शॉकअपवर नुसती आखूड स्प्रिंग चढवली तर तोच ठोकळा उभ्या गाडीतच जवळजवळ टेकलेला असतो, आणि मग रस्त्यातल्या साध्या सांध्यावरूनही गाडी ठोकर घेते. शॉकअपचीही तीच गत. त्याचा आवर मूळ स्प्रिंगच्या कडकपणाला जुळवलेला असतो. स्प्रिंग तीस टक्के कडक झाली की त्याच शॉकअपचा प्रभाव सुमारे बारा टक्क्यांनी उणा पडतो. गाडी एकदा उसळली की थांबेपर्यंत जास्त झोके घेते. कडक स्प्रिंगवर गाडी नाचते अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो, या बिघडलेल्या जोडीचा असतो.

आता भार. छोट्या गाडीचा प्रश्न मोठ्या गाडीपेक्षा अवघड होतो तो इथेच. स्विफ्टसारख्या गाडीच्या मागच्या आसावर, ती रिकामी असताना, साधारण साडेतीनशे किलो असतात. गणपतीला पाच माणसे बसवून, डिकीत बॅगा, फळांची पेटी आणि मखराचे सामान कोंबून हीच गाडी कोकणात निघते तेव्हा एकट्या मागच्या आसावर दोन-अडीचशे किलोंची भर पडलेली असते. मागच्या दोन स्प्रिंग मिळून मिलिमीटरमागे चार किलोच्या आसपास भार पेलत असतील, तर गाडीची शेपूट पन्नास-साठ मिलिमीटर खाली येणार. थोडक्यात, भरलेली स्विफ्ट ही कारखान्यानेच खाली बसवलेली स्विफ्ट असते. रिकाम्या गाडीत खुपणारी ती फट या प्रवासासाठी राखून ठेवलेली असते. मोठ्या सेडानचे मूळ वजनच दीड टन, तिला अडीचशे किलोंचे फारसे वाटत नाही. छोट्या गाडीला तो मागच्या आसावरचा सत्तर टक्के जादा बोजा आहे. त्यात सीएनजीची टाकी असेल तर टाकी आणि किट मिळून ऐंशी-नव्वद किलो कायमचे मागे बसलेले. अशा गाडीला लोअरिंग स्प्रिंग लावणे हा तर सरळ अडाणीपणा आहे.

पोटाखालची उंचीही याच खात्यातून वजा होते. भारतीय स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी सांगितला जातो, तो रिकाम्या गाडीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा हवा, म्हणजे गाडी ताशी २५ किमीने सुखरूप ओलांडते. स्विफ्टच्या दोन आसांमध्ये २.४५ मीटर अंतर आहे. असा नियमातला गतिरोधक दोन आसांच्या बरोबर मध्ये आला की पोटाखालची सुमारे ४४ मिमी उंची खातो. १६३ मधून स्प्रिंगचे ३५ आणि बसलेल्यांचे पोटापाशी ४० गेले की उरतात ८८. त्यातून ४४ गेले तरी गाडी सुटते, अर्थात अजिबात न उसळता गेली तर. पण नियमातला गतिरोधक शोधायला टॉर्च घेऊन हिंडावे लागेल. गावागावांत डांबराची वा सिमेंटची जी अरुंद वरवंटी टाकलेली असते ती दहा सेंटिमीटरच उंच असली तरी पूर्ण दहा सेंटिमीटर मागते, आणि ८८ त्याला पुरत नाहीत. ऑइल पॅन आणि सायलेन्सर याची साक्ष देतात.

वळणाचे काय? गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, मग वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी भार सरकतो. हा युक्तिवाद बरोबर आहे, फक्त तो किती बरोबर आहे हे कुणी सांगत नाही. सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. ही उंची ५५० मिमी धरली आणि ३५ मिमीने उतरवली तर फायदा सहा टक्क्यांच्या आसपास. रेस जिंकणाऱ्याला सहा टक्के पुष्कळ. ताम्हिणी घाटात ट्रकमागे चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. शिवाय झुकण्याचा हिशेब वेगळा आहे. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो मॅकफर्सन रचनेत लोअर आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी खाली बसली की आर्मचे चाकाकडचे टोक वर जाते, आर्म आडवा होऊन उलट्या बाजूला कलतो, आणि तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली उतरतो. समजा गुरुत्वमध्य ३५ मिमी उतरला आणि हा बिंदू ६०, तर दोघांतले अंतर, म्हणजे बॉडीला झुकवणारा तरफेचा दांडा, २५ मिमीने लांबलाच. मूळ कडकपणाची स्प्रिंग ठेवून नुसती उंची कमी करता आली असती तर गाडी वळणावर जास्त झुकली असती! लोअरिंग स्प्रिंगवर झुकणे कमी वाटते ते ती कडक असते म्हणून. याचा दोष अर्ल मॅकफर्सन यांना देऊ नये. त्यांनी ही रचना १९४० च्या दशकात शेव्हरोलेच्या कॅडेट नावाच्या स्वस्त, छोट्या गाडीसाठी आखली. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि रचना ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमधून लोकांपर्यंत पोहोचली. कमी भाग, कमी जागा, कमी खर्च हा तिचा गुण. ठरलेल्या उंचीपासून ढळली की भूमिती बिघडते, ही त्या स्वस्ताईची किंमत.

एक आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या साध्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १२० मिमी आहे. म्हणजे भारतासाठी गाडी उंच केली गेली. मग तिला तिच्या मूळ उंचीवर नेले तर बिघडले कुठे? एक तर हे दोन आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत असे धरून चालता येत नाही, त्यामुळे ४३ मिमीचा पूर्ण फरक प्रत्यक्ष उंचीचा मानू नये. पण फरक आहे हे नक्की. मुद्दा असा की जपानी गाडी म्हणजे आखूड स्प्रिंग लावलेली भारतीय गाडी नव्हे. तिच्या स्प्रिंग, शॉकअप आणि बम्प स्टॉप एकमेकांना आणि त्या उंचीला जुळवून दिलेले असतात, आणि ती ज्या रस्त्यांवर फिरते तिथे पावसाळ्यानंतर डांबर वाहून जात नाही. आपण जपानी गाडीची उंची आणतो, तिचे शॉकअप आणत नाही आणि तिचे रस्ते तर आणूच शकत नाही.

रेसच्या गाड्यांचा दाखलाही नेहमी दिला जातो. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला धावणाऱ्या गाड्या जमिनीला टेकलेल्या असतातच. पण तिथे पृष्ठभाग ठाऊक असतो, माणूस एकच असतो, आणि मागची सीट काढून टाकलेली असते. आपल्या रस्त्यांशी तुलनाच करायची तर रॅलीशी करावी. खडी आणि मातीवर वेगाने जायचे असते तेव्हा तेच तंत्रज्ञ गाडी उंच करतात, लांब प्रवासाचे शॉकअप बसवतात आणि चाकाला मिळेल तेवढी जागा देतात. वेगाची गरज तिथेही आहे, पण खराब रस्त्यावर वेग जागेतून येतो हे त्यांना माहीत असते.

स्प्रिंग कापण्याविषयी दोन वाक्ये लिहायलाच हवीत, कारण अजूनही काही गॅरेजमध्ये ग्राइंडर लावून दीड वेढा उडवला जातो. त्याने स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसत नाही, उरलेल्या वेढ्यांवरचा ताण वाढतो आणि चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. याच्या उलट, मागची गाडी बसते म्हणून वेढ्यांच्या मध्ये जे रबरी बफर कोंबतात, तेही निरागस नाहीत. सहापैकी एक वेढा अडकला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, सगळे वाकणे उरलेल्या पाचांना करावे लागते आणि शॉकअप होता तोच राहतो.

मग पैसे कशावर खर्चावेत? गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर चालली असेल तर आधी चारही शॉकअप बदलावेत, पुढच्यांबरोबर स्ट्रट माउंट, बम्प स्टॉप आणि धूळटोपीसकट. लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड त्याच वेळी पाहाव्यात. गॅब्रिएलसारख्या कंपन्या मूळ मापाचे शॉकअप आपल्याकडेच बनवतात, तेव्हा माल मिळण्याची अडचण नाही. शॉकअप इतका हळूहळू मरतो की मालकाला त्याचा ऱ्हास कळत नाही. ‘आता सुधारणा हवी’ असे वाटायला लावणारी पुष्कळशी ढिलाई नव्या जोडीने तिथल्या तिथे जाते. त्यानंतर टायर चांगले घ्यावेत, रिम मोठी न करता. १६५/८० आर १४ ची बाजूची भिंत १३२ मिमी असते, १९५/५५ आर १६ ची १०७. म्हणजे तिथेही २५ मिमी जागाच विकली जाते. एवढे करूनही वळणावरचे झुकणे खटकत असेल तर स्टॅबिलायझर बार जाड करणे बरे. तो सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकदम उचलली गेली की मध्ये पडत नाही, आणि उंचीला हात लावत नाही. त्यालाही किंमत आहे: एकच चाक खड्ड्यात गेले तर धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो. पण हा सौदा मला स्प्रिंगच्या सौद्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. आणि ज्याला गाडी खालीच हवी आहे, जो बहुतेक वेळ एकटाच चालवतो, त्याने पंधरा-वीस मिमीवर थांबावे आणि स्प्रिंग, शॉकअप, बम्प स्टॉप एकाच निर्मात्याच्या जुळलेल्या संचातले घ्यावेत. नुसती स्प्रिंग स्वस्त पडते, हाच तिचा सापळा आहे.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. स्प्रिंगपर्यंत हे कुठवर ताणले जाईल यावर वकील भांडतील. जर्मनीत अशा स्प्रिंगसोबत तपासणी संस्थेचा अहवाल येतो आणि बसवल्यावर गाडी तपासून नोंद करून घ्यावी लागते. आपल्याकडे तशी रुळलेली वाट नाही, त्यामुळे अपघातानंतर विमा कंपनीने प्रश्न विचारला तर दाखवायला गॅरेजच्या बिलाखेरीज हातात काही नसते.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली आहे. उंची बदलली की चाकांचा कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात. छोट्या गाड्यांत पुढे बहुधा टो तेवढा जुळवता येतो, आणि मागच्या टॉर्शन बीमला तर कसलीच सोय नसते. म्हणून अलाइनमेंटच्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावर लाल दिसणारा प्रत्येक आकडा हिरवा करता येतोच असे नाही. तो कागद कसा वाचायचा, ते पुढच्या भागात.