‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आज पाण्याच्या तपासणीवर बोलतोय म्हणून दचकू नका. प्रयोगशाळेच्या अहवालात दोन शब्द येतात, ‘आढळले नाही’. त्यांचा अर्थ लावणं हा आमचाच जुना धंदा आहे.

कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. समोर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे कळतं. पण अट अशी, की असता तर दिसला असता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

आता आपलं शहर बघा. पिण्याचं पाणी नाथसागराचं. आणि शहरातून वाहणारी खाम जाते गोदावरीकडेच. आपण घेतलेल्या अमॉक्सिसिलिनचा मोठा भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. दवाखाने, कोंबडीपालन, औषध कारखाने यांची भर वेगळी. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूतलं, प्रक्रिया करून सोडलेलं सांडपाणी तपासलं. सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत! औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं.

इतकं असलं तर सापडतंच. पण नदी-तलावात ते बहुधा नॅनोग्रॅममध्ये असतं, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागात. आणि एवढ्याशा मात्रेतही औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचं फावू शकतं. खोली अंधारी आहे ती इथे.

दिवा लावण्याचा एक मार्ग म्हणजे मॅग्नेटाइटचे, लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचे, दहा-पंधरा नॅनोमीटरचे कण. फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन या प्रमाणात घेऊन अमोनिया घातला की काळा साका बसतो. गंमत अशी, की इतक्या बारीक कणांचं चुंबकत्व बाहेरचं चुंबक जवळ असेपर्यंतच टिकतं. ते दूर केलं की कण पाण्यात पुन्हा मोकळे. (पुरुष-प्रकृतीसाठी लोहचुंबकाचा दृष्टांत देणाऱ्या सांख्यांना हे आवडलं असतं!) कणांवर सिलिकाचा थर देतात. त्यावर, समजा, टेट्रासायक्लीनच्या रेणूंभोवती पॉलिमर घडवतात आणि मग रेणू धुऊन काढतात. मागे उरतात त्याच आकाराचे खाचे, गणपतीच्या साच्यासारखे.

हे कण लिटरभर पाण्यात ढवळायचे, बाटलीला चुंबक लावायचं, पाणी ओतून द्यायचं. कणांना चिकटलेलं औषध एक मिलिलिटर मिथेनॉलमध्ये उतरवायचं. सगळं उतरलं तर हजारपट दाट झालं. मग मोजणारं यंत्र ते वाचू शकतं.

पण नदीतला गाळ, कुजका पालापाचोळाही खाचे अडवतो. म्हणून नमुन्यात औषधाची ठरावीक मात्रा आपणच घालतात आणि किती परत मिळते ते मोजतात. म्हणजे काय? घडा मुद्दाम ठेवून बघायचं, दिसतो का! कुमारिलांची अट इथे प्रयोगशाळेत पाळली जाते. म्हणून माझा आग्रह असतो, की ‘आढळले नाही’च्या शेजारी शोधमर्यादेचा आकडा हवाच, किती मात्रेखालचं दिसू शकत नव्हतं ते सांगणारा. तो नसेल तर त्या अहवालाला मी फक्त कागद म्हणेन.

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा उरल्या नाहीत. दिवा आहे, पण खोलीत बघण्याची सक्ती कुणावर नाही.