पॉली पॅव्हिलियनचे दोन मानकरी

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात श्रेष्ठ कोण, लू अल्सिंडर की बिल वॉल्टन, याचा एकदा सोक्षमोक्ष लावा, असे संपादकांनी फर्मावले. संस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपण्यासारखा आहे: १९४८ साली जॉन वुडन प्रशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद दहा वेळा पटकावले. नवागतांना ते प्रथम मोजे कसे चढवावेत हेच शिकवीत. कारण मोज्याला सुरकुती पडली की पायाला फोड येतो, आणि फोड आलेला खेळाडू कितीही मातब्बर असला तरी बाकावरच बसतो.

पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने विख्यात झालेला अल्सिंडर न्यूयॉर्कहून आला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात न घेण्याचा शिरस्ता होता. म्हणून नोव्हेंबर १९६५ मध्ये, पॉली पॅव्हिलियन या नव्याकोऱ्या क्रीडागृहात, नवागतांची गाठ लागोपाठ दोनदा अजिंक्य ठरलेल्या मुख्य संघाशीच घालण्यात आली, आणि या पोराने ३१ गुण करून आपल्याच विद्यापीठाच्या विजेत्यांना ७५-६० असे लोळवले. त्यानंतरच्या तीन हंगामांत संघाने ८८ सामने जिंकले व अवघे दोन गमावले. १९६७ साली नियमकर्त्यांनी चेंडू वरून रिंगेत कोंबण्याची, म्हणजे डंकची, मनाईच करून टाकली. फर्मान सर्वांना लागू असले तरी त्याचा रोख कोणाकडे होता हे सांगावयास ज्योतिषी नको. अल्सिंडरने हुक शॉट अधिक घोटला, आणि अजिंक्यपदे येतच राहिली.

वॉल्टनची गोडी निराळी. १९७३ च्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटविरुद्ध त्याने बावीसपैकी एकवीस प्रयत्न सफल करून ४४ गुण मिळवले. डंकबंदी अजून उठलेली नव्हती. तेव्हा ग्रेग लीने रिंगेच्या अंगाने उंच सोडलेला चेंडू वॉल्टन हवेतच झेलावयाचा आणि, दडपण्याची सोय नसल्यामुळे, बोटांच्या टोकांनी अलगद आत सोडून द्यावयाचा. बळाच्या खेळात इतकी नजाकत क्वचितच दिसते.

परंतु तुलनेला बसावे तो दप्तरच दगा देते. सरासरी गुण २६.४ विरुद्ध २०.३, रिबाउंड १५.५ विरुद्ध १५.७, येथवर जमाखर्च जुळतो. पुढे? फटका हवेतच अडवणे, म्हणजे ब्लॉक, ही अल्सिंडरची खरी कमाई. पण त्या काळच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिला रकानाच नव्हता, तो १९८५-८६ पासून आला. शिवाय त्याच्या धाकाने जे फटके मारलेच गेले नाहीत, ते कोणत्या रकान्यात मांडावयाचे? ज्याच्यामुळे कायदा बदलावा लागला त्यालाच माझा कौल आहे, हे मी लपवीत नाही. मात्र या कौलालाही एक हरकत निघते. १९७० व १९७१ साली अल्सिंडर गेलेला होता, वॉल्टन मुख्य संघात यावयाचा होता, तरी दोन्ही अजिंक्यपदे वुडनकडेच राहिली. आणि १९७१ च्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाविरुद्ध त्यांच्याच जागेवर खेळून २९ गुण करणाऱ्या स्टीव्ह पॅटरसनचे नाव अशा वादात सहसा कोणी काढीत नाही.