न पाहिलेल्या दिवसांचा वारसा

1946 साली मुंबईत प्रिमावेरा जन्मली. वडील अदी बोमन-बेहराम, पारशी डॉक्टर. आई हिल्डे होल्गर, व्हिएन्नाची ज्यू नर्तिका. पण या मुलीला आजोळच नव्हतं! हिल्डे 1939 मध्ये निसटून मुंबईला पोचली आणि 1941 मध्ये तिनं इथं नृत्यशाळाही काढली. मागे राहिलेली तिची आई आणि कितीतरी नातलग नाझींनी संपवले.

ज्या भयाच्या वेळी आपण जन्मलोही नव्हतो, ते आपल्यात उतरू शकतं का? गोष्टींतून, घरातल्या अबोल्यातून उतरतं, हे कुणीही सांगेल. पण शरीरातून?

न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञ रेचल यहूदा यांनी नेमकं हेच तपासलं. नाझी छळातून वाचलेले 32 ज्यू आणि त्यांची 22 मुलं. ही मुलं युद्धानंतर जन्मलेली. रक्तात तपासायचा होता एफकेबीपी5 हा जनुक. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. त्याला पेशींनी किती दाद द्यायची, यात या जनुकाचा हात असतो.

जनुकावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा इवलासा गट खुणेसारखा चिकटतो. जनुकातली अक्षरं जशीच्या तशी राहतात, बदलतं ते त्याचं काम. पावण्याच्या एमआयडीसीत केमिकल कारखान्यात राबलेल्या माणसाला हे चटकन कळेल: पाइपलाइन तीच, व्हॉल्व्ह किती फिरवलाय त्यावर सगळं!

आणि 2015 साली निष्कर्ष आला तो काय? युद्धकाळात युरोपाबाहेर राहिलेल्या ज्यूंशी आणि त्यांच्या मुलांशी तुलना केली, तर आईबापांमध्ये या खुणा सुमारे 10 टक्के जास्त. मुलांमध्ये? त्याच जागी सुमारे 7.7 टक्के कमी! बदल दोन्ही पिढ्यांत, त्याच ठिकाणी, पण उलट्या दिशेनं. मला तर ही उलटी दिशाच सर्वांत विलक्षण वाटते.

माणसं मोजकी होती, त्यामुळे शास्त्रज्ञांनी शंकाही घेतल्या, आणि त्या रास्तच आहेत. हे बीजातून आलं, गर्भात घडलं की वाढवताना, तेही यातून ठरत नाही.

प्रिमावेरा या अभ्यासात नव्हती. 1948 मध्ये हे कुटुंब लंडनला गेलं. ती आईकडेच नृत्य शिकली, पुढे शिल्पकार झाली. हिल्डेच्या जुन्या छायाचित्रांखाली आज लेकीचं नाव छापलेलं असतं.

फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांची मुलं-नातवंडं आपल्या शेजारीच राहतात. त्यांच्या घरांतही हा शोध घ्यायला हवा, आणि तो आताच, ते दिवस आठवणारी माणसं आहेत तोवर.