जुन्या स्विस घड्याळाची पारख

आजोबांचे मनगटी घड्याळ पुष्कळ घरांत अजूनही कपाटाच्या खणात पडून असते. बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात, कन्हेरीसारख्या गावातही शोधले तर ते सापडेल. घड्याळ म्हटले की या भागात आधी निवडणूक चिन्ह आठवते, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून घड्याळ हा लग्नातल्या मानपानाचा भाग होता. जावयाला अंगठी, सायकल आणि घड्याळ द्यायचे आणि घड्याळ शक्यतो 'फॉरेनचे' द्यायचे, अशी रीत होती. तबकडीवर बहुधा 'फेवर ल्युबा', 'वेस्ट एंड', 'रोमर', 'टिटोनी' किंवा 'हेन्री सँडोज' असे नाव असे आणि खाली बारीक अक्षरांत 'स्विस मेड'. आज ही घड्याळे बंद पडलेली असली तरी त्यांना जगभर गिऱ्हाईक आहे. मात्र त्याच गिऱ्हाइकांच्या बोलीत एक शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि तो आपल्याला झोंबावा असा आहे. तो शब्द म्हणजे 'मुंबई स्पेशल'.

हा शब्द कुठून आला हे समजण्यासाठी शौकीन लोक घड्याळाला कोणत्या कसोट्या लावतात, ते आधी पाहावे लागेल. समारंभी घड्याळाचे जे रूप आज सर्वमान्य झाले आहे, त्याचा आदर्श म्हणून जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीच्या 'कालात्राव्हा'कडे बोट दाखवले जाते. १९३२ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या नमुन्याचा क्रमांक ९६. व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर, म्हणजे आजच्या पुरुषाला ते बायकी वाटावे इतके लहान. तारीख नाही, वार नाही, हिरे नाहीत. गोल पेटी, साधे काटे, चामड्याचा पट्टा आणि सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकेल एवढीच जाडी. अशा घड्याळात लपवायला जागा नसते. अंगावर दागिने नसलेल्या माणसाचा चेहराच पाहिला जावा, तसे येथे प्रमाण पाहिले जाते. काटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचतो की अलीकडेच थांबतो? सेकंदाची छोटी तबकडी योग्य जागी आहे की यंत्र लहान असल्यामुळे मध्याकडे ओढली गेली आहे? मोठ्या पेटीत लहान यंत्र बसवले की ही दुसरी खूण लगेच दिसते आणि महागड्या घड्याळांतही ती सापडते.

नुसता सपाटपणा हवा असेल, तर टायटनने २००२ साली अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे 'एज' बाजारात आणले होते. वेळेचा काटेकोरपणा हवा असेल, तर सेलवर चालणारे कोणतेही साधे घड्याळ चावीच्या घड्याळापेक्षा सरस. स्वित्झर्लंडच्या अधिकृत क्रोनोमीटर चाचणीतही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी चूक माफ असते. म्हणजे ज्याच्यासाठी लाखो रुपये मोजले जातात, ती वस्तू वेळ दाखवण्याच्या कामात दुय्यमच ठरते. तेव्हा पारख वेळेची नसते. पारख असते ती कामाची, म्हणजे माणसाच्या हाताने केलेल्या कामाची.

त्यासाठी मागचे झाकण उघडावे लागते. आपल्याकडे दुकानात 'किती ज्वेलचे?' हा प्रश्न हमखास विचारला जाई. ज्वेल म्हणजे चाकांच्या आसांखाली बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे. त्यांनी घर्षण कमी होते. चावीच्या साध्या घड्याळाला सतरा खडे पुरतात. पुढचे आकडे बरेचदा गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठीच असत. शौकीन आकड्याकडे फारसे पाहत नाहीत, ते कडा पाहतात. यंत्रातल्या पोलादी आणि पितळी पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासून आरशासारख्या चकचकीत केल्या आहेत का? स्क्रूचे डोके गुळगुळीत आहे की पेचकसाने खरवडले आहे? सर्वांत कठीण परीक्षा आतल्या कोनाची. फिरणारे हत्यार गोल असते, त्यामुळे यंत्राने कापलेला आतला कोपरा थोडा गोलाकार राहतोच. दोन तिरप्या कडा आत जाऊन टोकदार भेटल्या असतील, तर तेथे कानस घेऊन माणूस बसला होता, असे समजावे. हा कोपरा घड्याळाला वेळ दाखवायला काडीची मदत करत नाही. तरीही भिंगातून घड्याळ पाहणारा माणूस आधी तोच शोधतो.

मग शिक्क्यांचे काय? जिनिव्हा परगण्याचा शिक्का १८८६ पासून आहे आणि पाटेक फिलिपची घड्याळे तो अभिमानाने मिरवत. २००९ साली कंपनीने तो सोडला आणि स्वतःचाच शिक्का सुरू केला. स्वतःची प्रश्नपत्रिका स्वतःच तपासण्यासारखे हे आहे, अशी कुरकूर तेव्हा झाली. कंपनीचे म्हणणे असे, की आमचे नियम अधिक कडक आहेत आणि ते केवळ यंत्राला नव्हे, तर संपूर्ण घड्याळाला लागू आहेत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे; पण शिक्का पाहून घड्याळ घेणारा आणि कडा पाहून घेणारा यांतला दुसराच कमी फसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'यंत्र कंपनीने स्वतः बनवले आहे का?' हा आजच्या शौकिनांचा आणखी एक आवडता प्रश्न. त्याचे स्तोम जरा जास्तच माजले आहे. खुद्द कालात्राव्हाच्या अगदी सुरुवातीच्या नगांत लकूल्त्रने पुरवलेल्या कच्च्या यंत्रावर काम करून ते बसवलेले असे. स्वतःचे यंत्र १९३४ च्या सुमारास आले. स्विस धंदा मुळातच वाटून घेतलेल्या कामाचा. कोणी कमान करी, कोणी काटे, कोणी तबकड्या. १९३२ मध्ये आर्थिक मंदीत सापडलेली पाटेक फिलिप ज्या स्टर्न बंधूंनी विकत घेतली, त्यांचा धंदा तर तबकड्या बनवण्याचाच होता. पुरवठादाराने गिऱ्हाईकच विकत घ्यावे, असा हा प्रकार. आजही कंपनी स्टर्न घराण्याकडेच आहे.

या तबकडीपाशीच आपला विषय मुंबईला येऊन भिडतो. त्या काळच्या उत्तम पाटेक तबकडीवर नाव छापलेले नसे. ते कोरून त्या खोबणीत मिना भरून भट्टीत पक्के केलेले असे. त्यामुळे तबकडी घासली गेली तरी अक्षर टिके. मात्र जास्त घासले, की 'जिनिव्हा'च्या फ्रेंच अक्षरांवरचे बारीक स्वरचिन्ह आधी नाहीसे होई. लिलावात बोली लावणारे लोक भिंग लावून ते स्वरचिन्ह शोधतात. पुसट झालेली, डाग पडलेली, पण मूळची तबकडी नव्या रंगवलेल्या तबकडीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची मानली जाते, हा या शौकातला पहिला नियम आहे. साध्या घड्याळांनाही तो तेवढाच लागू पडतो.

आणि नेमका हाच नियम आपल्याकडे मोडला गेला. स्विस घड्याळांशी मुंबईचे नाते जुने. १७३७ पासूनची परंपरा सांगणाऱ्या फेवर ल्युबाने १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानात पाऊल टाकले. वेस्ट एंड कंपनी तर १८८६ साली मुंबईतच सुरू झाली. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नावच 'सोवार', म्हणजे आपला स्वार. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध आले. एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये बंगळूरला उभा राहिला, पण मागणी पुरवठ्याच्या पुढे धावत होती. नवे स्विस घड्याळ एकतर चोरटे, नाहीतर न परवडणारे. त्यामुळे जुने चालू ठेवणे एवढाच मार्ग उरला. कन्हेरीचे घड्याळ बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या पेठेत जाई, तेथे काम झाले नाही तर पुण्या-मुंबईला. सुटे भाग मिळत नसत. मग एका मेलेल्या घड्याळाचे काटे दुसऱ्याला, तिसऱ्याची चावी चौथ्याला. तबकडी काळी पडली की ती घासून, रंगवून, वर नाव पुन्हा छापून देत. मालकाला घड्याळ वापरायचे होते, संग्रहालयात ठेवायचे नव्हते. डोळ्याशी भिंग आणि हातात चिमटा घेऊन बसणाऱ्या त्या कारागिरांनी तुटवड्याच्या काळात हजारो घड्याळे जिवंत ठेवली. त्यांच्या हातचे काम आज परदेशी शौकीन हसण्यावारी नेतात, ते अर्धवट माहितीवर.

दोष सुरू झाला तो पुढे. तीच विद्या वापरून भंगारातली यंत्रे, पॉलिश करून कडा गेलेल्या पेट्या आणि भडक निळ्या-लाल तबकड्या जुळवायच्या आणि इंटरनेटवरून 'जुने, अस्सल, जसेच्या तसे' म्हणून विकायचे, असा धंदा उभा राहिला. हेच ते 'मुंबई स्पेशल'. ते ओळखणे अवघड नसते. साठ वर्षांचे घड्याळ, पण तबकडी कालच्या रंगासारखी ताजी. अक्षरे जाड आणि थोडी हललेली. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या. तळाशी 'स्विस मेड' गायब किंवा काचेच्या कडेखाली अर्धवट लपलेले. काटे एका काळातले, पेटी दुसऱ्या. झाकण उघडले, की तबकडीवर एक नाव आणि यंत्रावर भलतेच. कंपनीने त्या रंगाची तबकडी कधी काढलीच नव्हती, हे जुन्या जाहिराती पाहिल्यावर कळते. या बाजाराचा फटका अस्सल घड्याळांनाही बसतो. भारतातून आलेले फेवर ल्युबा म्हटले, की परदेशी गिऱ्हाईक आधीच हात आखडता घेतो.

हे अधिक खटकते, कारण फेवर ल्युबा ही काही ऐरीगैरी कंपनी नव्हती. साठच्या दशकातले तिचे २५१ क्रमांकाचे यंत्र घ्या. त्यात एकाऐवजी दोन कमानी होत्या. त्यांमुळे ते दीर्घकाळ एकसारख्या जोराने चाले आणि तरीही अतिशय सपाट होते. समारंभी घड्याळाच्या कसोटीवर ते नामवंतांच्या पंगतीत बसते. सेलच्या घड्याळांच्या लाटेत मात्र ही कंपनी खचली. पुढे नावाचे हात बदलत गेले. २०११ मध्ये ते टायटनने घेतले, त्यानंतर एथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे गेले आणि २०२४ मध्ये जिनिव्हात नवी घड्याळे सादर झाली. नाव तेच, पण घराणे वेगळे आणि कारागीर वेगळे. शौकीन अशा पुनर्जन्माकडे संशयानेच पाहतात. तो संशय रास्त असला, तरी नव्या घड्याळाला नव्या कामावरून जोखावे. १७३७ हा आकडा त्यात ना गुण वाढवतो ना कमी करतो.

खणातल्या घड्याळाचे काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे कौतुकाने चावी देऊ नये. तेल सुकून डिंकासारखे झालेले असते आणि कोरडी चाके फिरवली की आस झिजतात. तबकडीवरचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील आणि घड्याळ १९६० च्या आधीचे असेल, तर त्या रंगात रेडियम असण्याची शक्यता आहे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, म्हणून ते घरी उघडू नये, खरवडू तर मुळीच नये. जाणत्या कारागिराकडून सफाई आणि तेलपाणी करून घ्यावे. काच, कमान, चावी बदलली तर बिघडत नाही. त्या झिजणाऱ्याच वस्तू आहेत. पेटीला पॉलिश नको आणि तबकडीला तर हातही नको, हे देतानाच स्पष्ट सांगावे. काटे बदलणे अटळच असेल, तर जुने काटे कागदाच्या पुडीत घालून परत मागून घ्यावेत. लग्नातली पावती किंवा डबी सापडली, तर तीही त्याच खणात ठेवावी.